नैरोबीतला पिवळ्या बुडाचा बुलबुल आणि एक वेगळं अंडं

प्रश्न: नैरोबीत आमच्या खिडकीबाहेरच्या झुडपात बुलबुलाने वाटीसारखं घरटं केलंय. काळपट डोकं, तपकिरी पाठ, शेपटीखाली पिवळाधमक. कैरोला असताना पाहिलेल्याच्या शेपटीखाली तर पांढरं होतं! ही जात वेगळी का? आणि घरट्यात तांबूस ठिपक्यांची दोन अंडी आहेत, एक मात्र कोरं पांढरं. मला काळजी वाटतेय.

उत्तर १: दोन्ही एकाच जातीचे (शास्त्रीय नाव 'पिक्नोनोटस बार्बेटस'), उपजाती निरनिराळ्या. उत्तरेकडे बूड पांढरं, पूर्वेला आणि दक्षिणेला पिवळं. काही तज्ज्ञ पिवळ्याला स्वतंत्र जात मानतात. मोरोक्कोपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत हा पक्षी टिकला तो खाण्याच्या सवयीमुळे: फळं, फुलांतला मध, किडे, काहीही चालतं. त्यामुळे बागा त्याला रानाइतक्याच मानवतात.

उत्तर २: ताई, पांढरं अंडं चातकाचं असावं. हो, आपल्या कवितांतला तोच! आफ्रिकेत तो बुलबुलाच्या घरट्यात अंडं घालतो. रंग जुळत नाही, तरी बुलबुल ते उबवतो. चातकाचं पिल्लू इतरांना बाहेर ढकलत नाही, पण चारा तेच जास्त लाटतं, म्हणून बुलबुलाची पिल्लं बहुधा उपाशी मरतात. माझ्यासमोर एकदा तसं झालं, फार वाईट वाटलं. तरीही अंडं काढू नका, घरट्याजवळ फारसं जाऊही नका. सततच्या वावराने जोडी घरटं सोडू शकते. बुलबुलाची अंडी साधारण १२ ते १४ दिवसांत फुटतात, चातकाचं बहुतेक त्याआधी.

प्रश्नकर्ती: हात लावणार नाही. आता पडद्याआडूनच बघते.