मदत हवी आहे: गुडघा दुखतोय, ब्लॅक बेल्टची परीक्षा दहा आठवड्यांवर

उशिरासुचलेली

आधीच सांगते, "या वयात कशाला हे उद्योग" हा सल्ला सासूबाई, आई आणि ऑफिसातली शेजारीण अशा तिघींकडून मिळून झालाय. चौथा नको.

वय ४४, डोंबिवली पूर्व. सहा वर्षांपूर्वी लेकीला कराटेला घातलं, तेव्हा ती दुसरीत होती. शाळेच्या हॉलबाहेर बाकावर बसून मोबाइल चाळायचा कंटाळा आला होता. सर म्हणाले, "बसण्यापेक्षा आत या की." गेले. सहा महिन्यांत सोडणार अशी नवऱ्याने पैज लावली होती, ती तो हरला. आज मी ब्राउन बेल्ट आहे. कराटेची शोतोकान शैली. लेक आठवीत, तीही ब्राउन. दोघींची ब्लॅक बेल्टची परीक्षा एकाच दिवशी.

आता दुखण्याचं. आम्ही इतकी वर्षं शहाबादी फरशीवर करायचो. मध्यंतरी क्लासने त्या कोड्यासारख्या एकात एक अडकणाऱ्या रबरी मॅट आणल्या. पडायला छान आहेत. पण पाच आठवड्यांपूर्वी डाव्या पायाने मावाशी गेरी (गोल फिरवून मारायची लाथ) मारताना उजवा पाय मॅटला चिकटून राहिला. कंबर फिरली, पाऊल फिरलं नाही, मधल्यामध्ये गुडघा सापडला. आतल्या बाजूला टक् झालं. फार दुखलं नाही म्हणून क्लास पुरा केला (हो, माहितीये, ओरडू नका). सकाळी उठले तर गुडघ्याची वाटी दिसेना, एवढी सूज.

सूज आता गेली. गुडघा अडकत नाही, दगा देत नाही. पण स्टेशनचा पूल उतरताना कळ येते. चढताना विशेष नाही. मांडी घालून बसता येतं, उठताना देव आठवतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सेइझा. क्लासच्या शेवटी गुडघे मोडून, टाचांवर बसून, डोळे मिटून मोकुसो करतो ना, मन शांत करायला? मी त्या दोन मिनिटांत फक्त गुडघ्याचा जप करते. सर तेव्हा नेमके हजेरीचं रजिस्टर घेऊन हॉलभर फिरत असतात, त्यामुळे वेळही लांबतो.

एमआरआय केला. रिपोर्टात आतल्या मेनिस्कसच्या मागच्या भागात ग्रेड २ सिग्नल असं लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, "कराटे बंद करा. पोहा." किती दिवस बंद, असं विचारलं तर म्हणाले, "बंद म्हणजे बंद." सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "ओस! नी-कॅप घाल, घाम आला की मोकळं होतं." दोघेही आपापल्या जागी भले आहेत. पण एकाला माझा गुडघा दिसतो, दुसऱ्याला माझा बेल्ट. मधलं कुणी बोलतच नाही.

ग्रेड २ म्हणजे फाटलंय की नाही? परीक्षेत किहोन (मूळ हालचाली), काता (ठरलेल्या हालचालींची मालिका), कुमिते (समोरासमोर लढत) तिन्ही आहे. माझा काता बस्साई दाई. फी साडेसात हजार भरून झालीये, परत मिळत नाही. आणि लेकीने जाहीर केलंय की आई देणार नसेल तर मीही देणार नाही. द्यावी का परीक्षा?

बोरिवलीस्लो

दुर्बिणीतून ऑपरेशन करून टाका, विषय संपला. माझ्या मेव्हण्याने केलं, तीन महिन्यांत राजगड चढला.

तिरपागडा

ताई, चौथा सल्ला देत नाही. पण आमच्या गावाकडे एक हाडवैद्य आहेत, एका झटक्यात बसवतात. एमआरआयला घातलेत तेवढे पैसे पण लागले नसते.

फिजिओताई

मी ठाण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघा हातात घेतल्याशिवाय निदान करत नाही, पण रिपोर्टाचा अर्थ सांगते.

मेनिस्कस म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामधली कुर्चेची चकती. एका गुडघ्यात दोन असतात. एमआरआयमध्ये ग्रेड १ आणि २ म्हणजे चकतीच्या पोटात बदल दिसतो, पण तो पृष्ठभागापर्यंत पोचलेला नाही. पृष्ठभागाला पोचला की ग्रेड ३, त्याला फाटणं म्हणतात. म्हणजे तुमच्या रिपोर्टात फाटलेलं लिहिलेलं नाही. शिवाय चाळिशीनंतर अजिबात न दुखणाऱ्या गुडघ्यांतही असे बदल सर्रास दिसतात. फिल्मपेक्षा तुम्ही लिहिलंय ते जास्त महत्त्वाचं: अडकत नाही, दगा देत नाही, सूज उतरली. यातलं काहीही बदललं, म्हणजे गुडघा सरळच होईना किंवा पुन्हा सुजला, तर त्याच आठवड्यात डॉक्टर. तेव्हा वाट पाहायची नाही.

बोरिवलीस्लो, मेव्हण्यांना शुभेच्छा, पण विषय इतका सोपा नाही. फिनलंडमध्ये झिजेमुळे मेनिस्कस फाटलेल्या १४६ जणांना घेऊन एक चाचणी झाली. अर्ध्यांचं खरं ऑपरेशन केलं, अर्ध्यांचं नुसतं नाटक, म्हणजे दुर्बीण आत घालून पाहिलं पण चकती कापली नाही. वर्षभराने दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. २०१३ साली ते छापून आलं. अडकणारा गुडघा, तरुण खेळाडूचा ताजा फाटलेला गुडघा यांची गोष्ट वेगळी. इथे तर फाटल्याचाच पत्ता नाही.

आणि तिरपागडा, सुजून गेलेल्या गुडघ्याला झटका? कृपा करा.

उशिरासुचलेली, आजपासून एक करा. घरातला पाट घ्या आणि आरशासमोर ठेवा. त्यावर उभं राहून एक पाय हळू, मनात पाच मोजत, जमिनीला टेकवायचा आणि वर घ्यायचा. पाटावरच्या पायाचा गुडघा आत अंगठ्याकडे पडतोय का ते बघायचं. तो दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहायला हवा. जिना उतरताना नेमकं हेच होतं, म्हणून तिथे कळ येते. आधी दहा वेळा, मग वाढवा. करताना थोडं दुखलं, दहात तीनपर्यंत, तर चालतं. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. सकाळी गुडघा जास्त आखडलेला किंवा सुजलेला असेल तर काल जास्त झालं, एक पायरी मागे या.

नी-कॅपने ऊब मिळते आणि धीर येतो. पाऊल चिकटून कंबर फिरली तर नी-कॅप काही थांबवत नाही.

सेइझा तूर्त बंद. पूर्ण मोडलेल्या गुडघ्यात मेनिस्कसच्या मागच्याच भागावर दाब येतो, आणि तुमचं दुखणं तिथलंच आहे.

फरशीवरचा

तीस वर्षं शोतोकान, त्यातली वीस फरशीवर, म्हणून हे नाव. फिजिओताईंच्या शब्दाला धक्का लावत नाही, माझ्या आखाड्यापुरतं बोलतो.

मॅट बदलली की लाथ बदलावी लागते, हे कुणी सांगत नाही. फरशीवर पाऊल आपोआप सरकतं, त्यामुळे आळशी लाथही खपून जाते. रबरावर टाच आधी उचलावी लागते. क्रम असा: उभ्या पायाची टाच उचलून समोरच्याकडे वळली, मग कंबर, मग लाथ. तुमची कंबर आधी निघाली असणार. पुढे सुरुवात कराल तेव्हा लाथ न मारता नुसतं वळण करा, भिंतीला हात लावून. मग गुडघ्याच्या उंचीची लाथ. डोक्यापर्यंत जायची घाई कुणाला आहे?

बस्साई दाईबद्दल. त्याची पहिलीच हालचाल म्हणजे पुढे झेप घेऊन एका पायामागे दुसरा आडवा टाकून थांबणं. त्या क्षणी सगळं वजन एका वाकलेल्या गुडघ्यावर येतं. पुढे मिकाझुकी गेरीला, म्हणजे चंद्रकोरीसारख्या लाथेला, पुन्हा एका पायावर वळायचं. तुमच्यासाठी जिओन हा काता बरा, त्यात उडी नाही. पाय आपटणं आहे, ते हळू टेकवता येतं. काता बदलू देतात का ते आधी विचारा, परीक्षेच्या दिवशी नव्हे. कांकू दाई आणि एंपी सुचवले तर नम्रपणे नाही म्हणा, दोन्हींत उडी आहे. तेक्कीत वळणं नाहीत म्हणून कुणी तो सुचवेल, पण अख्खा काता किबा-दाचीत, म्हणजे घोड्यावर बसल्यासारखे गुडघे वाकवून काढायचा असतो. तुमचा गुडघा शिव्या घालेल.

आता जरा वाकडं बोलतो. आपण जी खोल झेनकुत्सु (पुढचा गुडघा वाकवून उभं राहायचा पवित्रा) मिरवतो ती काही अनादी काळापासूनची नाही. शोतोकानचे जनक फुनाकोशी १९२२ मध्ये ओकिनावाहून टोकियोला गेले तेव्हा त्यांची पन्नाशी उलटलेली होती आणि त्यांचे पवित्रे आजच्यापेक्षा उंच होते. जुने फोटो बघा. खोल बसणं पुढच्या पिढीत आलं, त्यात त्यांच्या मुलाचा वाटा मोठा. म्हणजे ४४ वर्षांची बाई उंच पवित्र्यात काता करते तेव्हा ती परंपरा मोडत नाही, उलट थोडी मागे जाते. परीक्षक हे ऐकून घेईल का? बहुतेक नाही. मार्क खोलीलाच मिळतात.

म्हणून माझं मत विचाराल तर या वेळी देऊ नका. दहा आठवड्यांत गुडघा बरा होईलही, पण परीक्षेची तयारी म्हणजे याच दहा आठवड्यांत रोज शंभर लाथा. दोन्ही एकाच गुडघ्याकडून कसं मागणार?

उशिरासुचलेली

@फिजिओताई, पाट काढला. चौरंग होता, तो उंच पडला, म्हणून पाटच.

@फरशीवरचा, कंबर आधी निघाली हे तुम्ही न बघता कसं ओळखलंत? लेकीने मोबाइलवर काढलेला जुना व्हिडिओ पाहिला. शंभर टक्के खरं. दोन वर्षांपासून तशीच मारतेय.

पण नाही दिली तर सहा महिने बसून राहायचं? एकदा घरी बसले की मी परत जाणार नाही. स्वतःला ओळखते. योगाच्या क्लासचं तेच झालं, झुंबाचं तेच झालं.

लालमातीतला

कोल्हापूर. कराटेतलं मला काही कळत नाही, पण घरी बसण्याचा विषय निघाला म्हणून लिहितो.

तालमीत पोराचा पाय मुरगळला तर वस्ताद त्याला घरी पाठवत नाही. घरी गेलेलं पोर चार दिवस झोपतं, पाचव्या दिवशी लाजतं, सहाव्या दिवशी येतच नाही. म्हणून दुखावलेला पोरगाही रोज वेळेवर येतो. लढत करत नाही. बसून मुद्गल फिरवतो, धाकट्या पोरांच्या जोडी लावतो, कडेला बसून दुसऱ्याचा डाव बघतो. मी खांद्यासाठी चार महिने असे काढलेत. त्या चार महिन्यांत मला ढाक हा कुस्तीतला डाव पहिल्यांदा नीट समजला, कारण पहिल्यांदाच मी तो खात नव्हतो, बघत होतो.

तुमचे हात तर शाबूत आहेत ना? वरचं अंग चालू ठेवा. आणि वस्तादाला सरळ सांगा. वस्तादापुढे दुखणं लपवणारा पैलवान पुढच्या दंगलीत उघडा पडतो, तोही हलगीच्या तालावर.

दोनपोरांचीआई

लेकीचं बोलतो का कुणी? "तू नाही तर मीही नाही" यात प्रेम कमी आणि भीती जास्त असते, तेराव्या वर्षी. तिला परीक्षेची धास्ती असेल आणि तुमचा गुडघा तिला आयता मिळाला असेल. एकटीला घेऊन वडापाव खायला जा, क्लासचं नाव काढू नका, तीच बोलेल.

फिजिओताई

दोनपोरांचीआई, बरोबर. आणि एक राहिलं: लेकीलाच विचारा, वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखतं का, तिथे टेंगूळ आलंय का. उंची वाढत असताना उड्या मारणाऱ्या मुलांना ते होतं. धोक्याचं नसतं, पण उड्या कमी कराव्या लागतात.

उशिरासुचलेली

उशीर झाला, क्षमस्व. नऊ दिवसांचा हिशोब देते.

लेकीचं: दोनपोरांचीआई, दंडवत. वडापाव लागलाच नाही, पाणीपुरीवर काम झालं. कुमितेमध्ये तिच्यासमोर दुसऱ्या शाखेतली एक उंच मुलगी येणार आहे, सगळं कारण तेवढंच. ती परीक्षा देतेय. मी रोज पॅड धरून उभी राहते, ती मारते. हा व्यवहार तिला फारच आवडलाय. गुडघ्याखाली तिला काही नाही, दाबून पाहिलं.

माझं: या वेळी देत नाही. लिहायला सोपं वाटतंय, ठरवायला चार रात्री गेल्या. फी वरच्या ऑफिसात गेलीये, सर म्हणाले पुढच्या परीक्षेला धरतात का बघतो. नाही धरली तर साडेसात हजारांचं दुःख करायला नवरा आहे.

सरांशी क्लास सुटल्यावर बोलले. लालमातीतले म्हणाले तसं, सरळ. रोज येईन, लाथा मारणार नाही, व्हाइट बेल्टच्या पोरांचे हात बघेन, आणि सेइझा बसणार नाही. शेवटचं सांगताना माझाच आवाज चाचरला, कारण सहा वर्षांत सेइझा कुणी टाळलेली पाहिली नव्हती. सर काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी हजेरी नेमकी त्याच वेळी का घेतो, तुला काय वाटतं?"

काल मोकुसोच्या वेळी हॉलच्या कडेला त्यांनी माझ्यासाठी ऑफिसातली प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. जरा वेळाने आत जाऊन अजून एक आणली. रजिस्टर मांडीवर ठेवून बसले, डोळे मिटून. पोरं एका डोळ्याने बघत होती.

@फिजिओताई, एक शंका. पाटावर उजवा गुडघा आत पडतो हे समजलं. पण न दुखणारा डावाही तेवढाच आत पडतोय. दोन्हींचं करू का फक्त उजव्याचं?