कन्सल्टन्सीमार्फत नोकरी शोधताना: आपापले अनुभव लिहा

कन्सल्टन्सीमार्फत, म्हणजे कंपन्यांसाठी माणसं शोधून देणाऱ्या एजन्सीमार्फत, नोकरी शोधलेल्यांनी, एजन्सीत काम केलेल्यांनी आणि कंपनीच्या एचआरमधून त्यांच्याशी व्यवहार केलेल्यांनी इथे जरूर लिहावं. रामकहाणी नको, पुढच्याच्या कामी येईल असा तपशील हवा. काय विचारायचं, काय लेखी घ्यायचं, घोडं कुठे अडतं आणि का अडतं, हे सांगा.

*

आधी पैशाचं सांगते, कारण बाकी सगळं त्यावरूनच ठरतं. एजन्सीला फी कंपनी देते, त्यामुळे एजन्सीचं गिऱ्हाईक कंपनी आहे, उमेदवार नव्हे. व्यवहाराच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत उमेदवार रुजू झाला तरच फी मिळते. ती पहिल्या वर्षाच्या पगाराच्या ठरावीक टक्के असते. एकच जागा तीन-चार एजन्सींकडे दिलेली असते, म्हणून तुमच्यामागे "आत्ताच्या आत्ता सीव्ही पाठवा" असा लकडा लागतो. दुसरी पद्धत वरच्या पदांसाठी. काम एकाच एजन्सीला सोपवतात आणि फी हप्त्याहप्त्याने देतात: काम देताना, निवडक नावांची यादी आल्यावर आणि नेमणूक झाल्यावर. इथे कन्सल्टंट सविस्तर बोलतो, कारण त्याला घाई नसते.

म्हणून पहिल्याच फोनवर विचारावं, "ही जागा फक्त तुमच्याकडे आहे की इतरांकडेही?" उत्तरावरून पुढचा वेग कळतो.

आणखी एक. उमेदवार ठरावीक मुदतीत, बहुतेकदा तीन महिन्यांत, सोडून गेला तर एजन्सीला फुकटात दुसरा माणूस द्यावा लागतो किंवा फी परत करावी लागते. रुजू झाल्यावर कन्सल्टंटचे फोन येतात ते यासाठीही. ठरलेलं काम आणि प्रत्यक्षातलं काम यात तफावत असेल तर ती याच मुदतीत त्याच्या कानावर घालावी. कंपनीशी बोलायची निकड तेव्हा त्यालाही असते.

*

एचआरच्या बाजूने लिहितो. सगळ्यात जास्त घोळ होतो तो एकाच उमेदवाराचा सीव्ही दोन एजन्सींकडून आल्यावर. भरतीचं सॉफ्टवेअर ईमेल आणि मोबाइल नंबरावरून दुसरी नोंद लगेच पकडतं. ज्या एजन्सीची नोंद आधी, तिचा त्या उमेदवाराच्या फीवर हक्क, आणि करारानुसार तो सहा महिने ते वर्षभर टिकतो. वाद चिघळला तर काही कंपन्या फीची कटकट नको म्हणून उमेदवारालाच बाजूला ठेवतात. त्याची काही चूक नसते, तरी फटका त्यालाच बसतो.

उपाय सोपा आहे. प्रत्येक एजन्सीला पहिल्याच ईमेलमध्ये एक ओळ लिहा: "कंपनीचं नाव आणि पद कळवून माझा लेखी होकार घेतल्याशिवाय माझा सीव्ही कुठेही पाठवू नये." जोडीला एक तक्ता ठेवा. तारीख, एजन्सी, कन्सल्टंट, कंपनी, पद आणि सांगितलेला पगार, एवढे रकाने पुरे. कंपनीच्या साइटवर आधीच थेट अर्ज केला असेल तर तेही एजन्सीला लगेच सांगा.

सुरुवातीला कन्सल्टंट कंपनीचं नाव सांगत नाही, यात गैर काही नाही. नाव कळलं की उमेदवार परस्पर अर्ज करेल, ही भीती त्याला असते. पण सीव्ही पाठवण्याआधी नाव सांगायलाच हवं. तेव्हाही टाळाटाळ झाली तर बहुधा जागा हातात नसते, नुसते सीव्ही गोळा करणं चालू असतं.

*

सीव्हीबद्दल. एजन्सी तुमचा फोन, ईमेल काढून स्वतःचं लेटरहेड लावते, म्हणून वर्ड फाइलच द्या. मांडणी एकाच स्तंभात ठेवा. तक्ते, चौकटी आणि हेडर-फूटरमधला मजकूर सॉफ्टवेअरकडून बऱ्याचदा सुटतो. फोन नंबर हेडरमध्ये असेल तर नोंद होते, पण संपर्काविना. तपासायचं असेल तर पूर्ण सीव्ही कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे ओळींचा क्रम बिघडला तर सॉफ्टवेअरमध्येही बिघडण्याचा धोका आहे.

कन्सल्टंट सॉफ्टवेअरमध्ये शब्द टाकून उमेदवार शोधतो. तुमच्या कंपनीने तुम्हाला काहीतरी आगळंवेगळं पदनाम दिलं असेल तर त्याच्या शेजारी त्या कामाचं रूढ नाव लिहा, नाहीतर शोधात तुम्ही येणारच नाही. आणि कंपनीला गेलेली अंतिम प्रत मागून घ्या. कधी एखादं कौशल्य परस्पर वाढवलेलं असतं, आणि मुलाखतीत त्यावरच प्रश्न येतात.

*

वरच्या फीच्या मुद्द्यात भर घालते. पगार दहा टक्के वाढला तर एजन्सीची फीसुद्धा दहाच टक्के वाढते, पण बोलणी फिसकटली तर सगळीच बुडते. म्हणून कन्सल्टंटला थोडं कमी चालेल, पण व्यवहार झाला पाहिजे, असं वाटणारच. त्याला अपेक्षेचा एकच ठाम आकडा सांगा, निश्चित आणि कामगिरीवर अवलंबून असलेला भाग वेगळा करून. शेवटची घासाघीस मात्र शक्यतो थेट एचआरशी करा. ऑफर लेटर हातात पडेपर्यंत राजीनामा देऊ नका, मग कन्सल्टंटने कितीही "झालंच समजा" म्हटलं तरी.

*

कंत्राटी जागांचं गणित निराळं आहे. तिथे तुम्ही एजन्सीच्याच पेरोलवर असता. हे आधी विचारा: नेमणूकपत्र कोणाच्या नावाचं? कंपनीने एजन्सीचं बिल थकवलं तरी पगार तारखेलाच होणार का? दोन्ही बाजूंचा नोटीस पिरियड किती? कंपनीला तुम्हाला कायम करायचं असेल तर एजन्सीला वेगळी फी द्यावी लागते का, आणि किती महिन्यांनंतर लागत नाही? हा शेवटचा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि पुढे कायम होणं अनेकदा त्यावरच अडतं. टाइमशीटवर (कामाच्या तासांच्या नोंदीवर) कंपनीतल्या साहेबांची मंजुरी वेळच्या वेळी घ्या. मंजुरीविना बिल निघत नाही, आणि पगार रखडतो.

*

पैसे मागितले तर काय करायचं, हे स्पष्ट लिहायला हवं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1997 च्या 181 क्रमांकाच्या करारात, खाजगी एजन्सींनी कामगारांकडून थेट किंवा आडवळणाने फी वा खर्च घेऊ नये, असं कलम 7 मध्ये आहे. त्याला मर्यादित अपवाद ठेवता येतात आणि करार सगळ्या देशांनी स्वीकारलेला नाही, त्यामुळे काम जिथे करायचं तिथला कायदा बघा. पण नोंदणी फी, "परत मिळणारं" डिपॉझिट, सक्तीचं ट्रेनिंग, लॅपटॉपचे आगाऊ पैसे, यांपैकी काहीही मागितलं की तिथेच थांबा.

ईमेलचा डोमेन (@ नंतरचा भाग) अक्षर अन् अक्षर वाचा, खऱ्या नावात एखादंच अक्षर बदललेलं असतं. मग कंपनीच्या अधिकृत साइटवरचा नंबर घेऊन एचआरला विचारा, "ही जागा ही एजन्सी तुमच्यासाठी भरते आहे का?" पत्रावर छापलेला नंबर वापरू नका. मूळ प्रमाणपत्रं आणि पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात देऊ नका. ओळखपत्राची प्रत द्यावीच लागली तर त्यावर आडवं लिहा: कशासाठी, कोणाला आणि तारीख. बँक खात्याचा तपशील ऑफर पडताळल्यानंतरच द्यावा, आणि ओटीपी तर कधीच नाही.

*

मुलाखत संपली की त्याच दिवशी कन्सल्टंटला फोन करा. काय विचारलं, कुठे उत्तर अपुरं पडलं, रस आहे की नाही, हे सांगा. एचआरचा फोन येण्याआधी तुमची बाजू त्याच्याकडे असली, तर अपुऱ्या राहिलेल्या उत्तराची भर तो घालू शकतो. नकार आला तर नेमकं कारण विचारा. "दुसरा उमेदवार जास्त योग्य वाटला" एवढ्यावर समाधान मानू नका. अनुभव कमी पडला, पगार जास्त वाटला की नोटीस पिरियड लांबला, असं एकेक विचारलं की बहुतेक जण सांगतात.