मदत हवी आहे: अमोनिया गळतीनंतर भावाचा दम कमी होत नाही, नाशिकमध्ये कुणाला दाखवावं?

नमस्कार मंडळी,

माझा मोठा भाऊ पिंपळगाव बसवंतजवळच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये प्लांट ऑपरेटर आहे. द्राक्षाचा सीझन सुरू होताना तिथे व्हॉल्व्ह लीक होऊन अमोनिया सुटला. हेल्पर आत अडकला होता, म्हणून दादा तोंडाला ओला रुमाल बांधून शिरला. अमोनियाचा मास्क होता, पण ऑफिसच्या कपाटात, कुलपात. त्याच रात्री दादाची छाती सूं-सूं वाजायला लागली. (तो हेल्पर ठेकेदाराचा होता. तो गावी निघून गेला, त्याची साधी चौकशीही कुणी केली नाही.)

दादाला पूर्वी दमा नव्हता, ॲलर्जी नव्हती, बिडी-सिगारेट तर कधीच नाही. आता तीन महिने उलटून गेले तरी फोडणीचा ठसका, अगरबत्ती, सकाळची गार हवा, कशानेही खोकल्याची उबळ येते. एका जिन्यात धाप लागते. एक्स-रे क्लिअर आहे, म्हणून मालक म्हणतात की आता काही झालेलं नाही, कामावर या. पण श्वासनलिका आकसतात ते एक्स-रेत दिसत नाही!

मी वाचलं त्यावरून, अमोनिया पाण्यात झटकन विरघळतो, त्यामुळे नाक, घसा आणि श्वासनलिकांचं ओलं अस्तर आधी भाजतं. अशा एकाच जोरदार माऱ्यानंतर 24 तासांच्या आत दम्यासारखा त्रास सुरू झाला आणि तो निदान तीन महिने टिकला, तर त्याला रॅड्स (रिॲक्टिव्ह एअरवेज डिसफंक्शन सिंड्रोम) म्हणतात. डॉ. ब्रूक्स आणि सहकाऱ्यांनी 1985 मध्ये त्याचं वर्णन केलं. यात साधी पीएफटी (फुंकर मारून फुफ्फुसांची क्षमता मोजतात ती चाचणी) नॉर्मल येऊ शकते, मग मेथाकोलिन चाचणी करावी लागते, म्हणजे ते औषध थोडं थोडं हुंगायला देऊन श्वासनलिका किती आकसतात ते बघतात. दादाची पीएफटीसुद्धा अजून झालेली नाही. ब्राँकायटिस म्हणून सिरप आणि अँटिबायोटिक चालू आहे.

आता मालक त्याला ‘हलकं काम’ म्हणून पॅकिंग हॉलमध्ये पाठवतायत. तिथे द्राक्षाच्या पेट्यांत बुरशी लागू नये म्हणून ग्रेपगार्डचे कागद घालतात. ओल लागली की त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो, आणि दम्याच्या माणसाला तो अगदी थोडा असला तरी बाधतो. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

नाशिकमध्ये मेथाकोलिन चाचणी होते का, की पुणे-मुंबई गाठावी लागेल? कामामुळे झालेला श्वसनाचा आजार नीट समजून घेणारे छातीचे डॉक्टर कुणाला माहीत आहेत का? दादाचं ईएसआयसी (कामगार विमा) कार्ड आहे, पण अपघाताचा रिपोर्ट कंपनीने पाठवलेला दिसत नाही. इतक्या उशिरा तो आपण देऊ शकतो का, आणि सातपूरच्या ईएसआयसी हॉस्पिटलमध्ये जाताना कोणते कागद न्यावेत? पीक फ्लो मीटर (जोरात फुंकून श्वासाचा वेग मोजायचं छोटं यंत्र) घेऊन कामाच्या आणि सुटीच्या दिवसांचे आकडे दिवसातून चार वेळा लिहून ठेवले, तर ते पुरावा म्हणून धरतात का?

सोमवारी हजर व्हायला सांगितलंय. ‘धूर-वायूपासून लांब ठेवा’ असं लेखी कुणाकडून घ्यायचं, एवढं तरी त्याआधी कुणी सांगा.