स्थलांतरितांचं आरोग्यशिक्षण: शिकवणारा कोण हवा?

वाटसरू
स्थलांतरितांसाठी आरोग्यशिक्षण म्हटलं की बहुतेक ठिकाणी आहे तेच पत्रक दहा भाषांत छापून मोकळे होतात. मजकूर चूक नसतो, पण पत्रकावर भिस्त ठेवून कुणी मुलाला लस टोचायला नेत नाही.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचं घ्या. तिथे जन्मलेल्या सोमाली मुलांमध्ये २००४ साली गोवर-गालगुंड-रुबेला लस घेतलेल्यांचं प्रमाण ९२ टक्के होतं. २०१४ पर्यंत ते ४२ टक्क्यांवर आलं. ऑटिझमची (स्वमग्नतेची) धास्ती घेतलेल्या आईबापांना उत्तरं हवी होती. लसविरोधी मंडळी त्यांच्यात येऊन सभा घेत होती. लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा १९९८ चा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, तरी भीती गेली नाही. २०१७ मध्ये गोवराची साथ आली, ७५ जण आजारी पडले. त्यात बहुतेक सोमाली कुटुंबांतली, लस न घेतलेली मुलं होती.

माझं म्हणणं सरळ आहे. त्याच समाजातल्या माणसांना प्रशिक्षण द्या आणि पगारावर घ्या. फुकट राबवू नका.

काटेकोर
तुमचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. भीती पसरली ती ओळखीपाळखीतूनच. आपला माणूस म्हणून विश्वास बसतो, तशा त्याच्या चुकाही कुणी तपासत नाही. शिवाय किती वर्षं सगळं मातृभाषेत हातात देणार? नव्या देशाची भाषा शिकवण्यावर खर्च करा. भाषा आली की माणूस डॉक्टरला स्वतः उलट विचारू शकतो.

वाटसरू
भाषा शिकावीच. पण साठीच्या बाईला त्याला वर्षं लागतील आणि मधुमेहाचं औषध आजच सुरू करायचंय. तोवर घरातलं शाळकरी पोर दुभाषी होतं. एका दवाखान्यात एक लहान मुलगी आईसाठी बोलत होती. डॉक्टरांनी दोन पाळ्यांच्या मधल्या रक्तस्रावाबद्दल विचारलं. मुलगी खाली बघत म्हणाली, "आई म्हणते, काही त्रास नाही." तिनं आईला विचारलंच नव्हतं. अमेरिकेत केंद्राचा निधी घेणाऱ्या दवाखान्यांना २०१६ च्या नियमानं आणीबाणी सोडून मुलांना असं वापरायला मनाई केली, ती याचसाठी.

चुकांवर उपाय आहे. ऐकणाऱ्याला आपल्या शब्दांत परत सांगायला लावायचं, इनहेलर हातात देऊन "करून दाखवा" म्हणायचं. शिकवणाऱ्याचीही परीक्षा तशीच घ्यायची.

निशिगंध
मी वेगळ्या कारणानं असहमत आहे. लहान समाजात सगळे सगळ्यांना ओळखतात. क्षय, गर्भपात, नवऱ्याची मारहाण हे वस्तीतल्या ताईसमोर कोण बोलेल? मला फोनवरचा, दुसऱ्या शहरातला दुभाषी मिळाला तेव्हाच मी मोकळेपणानं बोलू शकले. त्याला माझा चेहराही माहीत नव्हता.

काटेकोर
+१

रात्रपाळी
गोदामात रात्रभर काम करणाऱ्याला रक्तदाब तपासायला हवा हे ठाऊक असतं हो! दवाखाना त्याच्या झोपेच्या वेळी उघडतो, खाडा केला की मजुरी बुडते, वर कागदपत्रं मागतील ही भीती. यात शिक्षण काय करणार?

वाटसरू
पहिला धडा त्या भीतीवरच हवा. इंग्लंडमध्ये जीपीकडे, म्हणजे भागातल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, नाव नोंदवायला पत्त्याचा किंवा व्हिसाचा पुरावा द्यावा लागत नाही. क्षयाची तपासणी आणि उपचार तर सर्वांना मोफत आहेत. नव्यानं आलेल्यांना हे कुणी सांगत नाही. खिडकीमागच्या कर्मचाऱ्यालाही कधीकधी माहीत नसतं आणि तो कागद मागून परत पाठवतो. वर्ग त्याचाही घ्या. वेळेचं तुमचं म्हणणं पूर्ण मान्य: तपासणी कामाच्या जागी, पाळी सुटताना व्हायला हवी.

निशिगंध, नाजूक गोष्टींसाठी परका दुभाषी हवाच. पण तो भेटतो दवाखान्यात पोचल्यावर. तिथवर कोण नेणार?

निशिगंध
तेवढ्यापुरती ताई चालेल. तपासणीच्या खोलीत मात्र तिनं येऊ नये, आणि हे लेखी असावं. तिनं बाहेर काही बोललं तर तक्रार कुठे करायची तेही आमच्या भाषेत सांगा, पहिल्याच दिवशी.

काटेकोर
या अटी असतील तर पगाराला माझा विरोध नाही. भाषावर्गांचा आग्रह मी सोडलेला नाही. त्यांचे पैसे कापून हे होणार असेल तर मी पुन्हा विरोधात.