मदत हवी आहे : 'राग दरबारी'नंतर काय वाचू?

श्रीलाल शुक्ल यांची 'राग दरबारी' (१९६८) ही हिंदी कादंबरी कालच संपवली. लाच न देता कागदाची नक्कल मिळवायला तहसिलीत खेटे घालणारा लंगड डोक्यातून जातच नाही. हसू येतं आणि लगेच पोटात कालवतं. आता याच जातकुळीचं काहीतरी हवंय.

दोन नावं मनात आहेत. अमेरिकन लेखक जोसेफ हेलरची युद्धावरची कादंबरी 'कॅच-२२' (१९६१) : वेडा ठरवून घरी पाठवा म्हटलं की मागणाराच शहाणा ठरतो आणि पुन्हा बॉम्बफेकीच्या विमानात बसतो. नियम ऐकूनच ती वाचावीशी वाटतेय. दुसरी चेक लेखक हाशेकची, एका सैनिकावरची 'श्वेइक', पण १९२३ मध्ये लेखक गेल्याने ती अपुरी राहिली, हे जरा खटकतं. दोन्ही वाचलेल्यांनी सांगा ना, आधी कोणती घेऊ? मराठीत अशी असेल तर तीच आधी सुचवा. नुसती विनोदी मात्र नको.