दोन बोटांचे पंचवीस हजार, आणि वर "लॉटरी"?

तळवडेकर
काल इथे एका वर्कशॉपमालकांनी लिहिलं: "ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) भरतो आम्ही, तरी बोट कापलं की कामगार वकील घेऊन दारात. यांना लॉटरीच लागते." रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

माझा धाकटा भाऊ भोसरीत पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून कापणारं मशीन) होता. 2022 ची दिवाळी तोंडावर, रात्रपाळी. डायमध्ये, म्हणजे साच्यात, जॉब अडकला, काढायला उजवा हात घातला आणि वरचा रॅम खाली आला. दोन बोटं हातमोज्यातच राहिली. वय 30, पगार 15,000. तिसऱ्या दिवशी ठेकेदार पंचवीस हजार आणि स्टॅम्पपेपर घेऊन आला: "राजीखुशीने घेतले, पुढे तक्रार नाही." सहीचा हात बँडेजमध्ये, म्हणून डाव्या हाताचा अंगठा उठवून घेतला.

शेडमध्ये माणसं सात, इतक्या छोट्या शेडला ईएसआय नाहीच. मग तेव्हा चालू असलेला 1923 चा कामगार भरपाई कायदा लागतो. हिशेब असा: पगाराचे 60 टक्के म्हणजे 9,000, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला तिशीचा गुणांक 207.98. झाले 18,71,820. एका हाताची दोन बोटं म्हणजे कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे कमाईची ताकद 20 टक्के गेली, म्हणून 3,74,364. त्या स्टॅम्पपेपरला कायद्यात किंमत शून्य, कलम 17. कामगाराने हक्क सोडल्याचा करारच रद्दबातल.

आणि ज्याला ईएसआय आहे त्याला हा दावा करताच येत नाही, कायद्यानेच बंदी आहे. मग तुमच्या दारात आलेला वकील कुठला?

प्रेसशॉप_26
ती पोस्ट माझीच. ईएसआयचं मान्य, वकील आला तो शेजारच्या गाळ्यात. पण मशीनचं कोण बोलणार? दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस चालते, म्हणजे हात आत राहत नाही. 2019 मध्ये माझ्या हेल्परने त्यातलं एक बटण टेपने कायमचं दाबून ठेवलं होतं. मी दोनदा टेप काढली, त्याने तिसऱ्यांदा लावली. त्याच पाळीत बोटाचं टोक गेलं. कायद्यात स्पष्ट आहे, कामगाराने जाणूनबुजून गार्ड काढला तर भरपाई नाही.

तळवडेकर
कलम अर्धं वाचू नका. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर ती पळवाट नाही. आणि "जाणूनबुजून" हे सिद्ध मालकाने करायचं असतं. टेप का लावतो कामगार? हौस म्हणून? ताशी नग कोणी ठरवले?

प्रेसशॉप_26
ताशी नग मोठी कंपनी ठरवते! माल एक दिवस उशिरा गेला की पैसे कापल्याची डेबिट नोट माझ्या नावावर. इथे सगळे मालकाला राक्षस ठरवून मोकळे. त्या मुलाला हॉस्पिटलमध्ये मी स्वतः उचलून नेलं, रात्री दोन वाजता. शर्ट अजून कपाटात आहे, डाग गेले नाहीत.

उस्मानाबादची_सून
तुमची बटणं चालू द्या, पण कामावर जाता-येता माणूस गेला तर? आमच्याकडच्या साखर कारखान्याचा वॉचमन 2003 मध्ये पहाटे तीनच्या ड्यूटीला निघाला आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. कामगार भरपाई आयुक्तांनी दिलेली भरपाई हायकोर्टाने काढली, सुप्रीम कोर्टाने ती जुलै 2025 मध्ये परत दिली. बावीस वर्षं! त्या बाईने पोरं कशी वाढवली असतील? माझे दीर असेच गेले. कंपनी म्हणाली, गेटच्या आत असते तर बघितलं असतं.

तळवडेकर
वहिनी, अगदी खरं. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 च्या कायद्याच्या जागी नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात येण्याजाण्यातला अपघातही धरलाय. पण मला बटणावरच बोलायचंय. टेप दिसल्यावर प्रेस बंद का नाही केली? मशीनला गार्ड ठेवणं तेव्हाच्या कारखाना कायद्यात मालकाचंच काम होतं.

प्रेसशॉप_26
बंद केली असती तर ऑर्डर गेली असती. हो, करायला हवी होती. झालं समाधान? पण पावणेचार लाख म्हणजे ईएसआय नसलेल्या शेजाऱ्यासारख्या छोट्या शेडचा वर्षाचा नफा.

फिटर_वाघोली
मग विमा काढा की राव! वर्कमेन कॉम्पची, म्हणजे कामगार भरपाईची पॉलिसी सात माणसांच्या शेडलाही मिळते. शिवाय महिन्याच्या आत पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, वर 50 टक्क्यांपर्यंत दंड. तो दंड विमा कंपनी भरत नाही, तुमच्याच खिशातून जातो.

प्रेसशॉप_26
पॉलिसीचं शेजाऱ्याला सांगतो. टक्क्यांचं पटलेलं नाही. बोटाचं टोक गेलेला माझा तो हेल्पर आज दुसरीकडे जास्त पगारावर आहे.

तळवडेकर
माझा भाऊ प्रेस चालवायचा, आता गेटवर वही लिहितो, डाव्या हाताने. सुताराचा डावा हात गेला तेव्हा सुप्रीम कोर्टाने 1975 मध्येच शंभर टक्के धरले होते, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. वीस टक्के हा कमीत कमी आकडा आहे, दादा.

नवीन_आयडी
पोस्ट वाचून विचारते. नवऱ्याचा अंगठ्याचा शेंडा गेला, नोकरी ठेकेदाराची. पैसे घेऊन सही झालीय. आता काही होईल?

तळवडेकर
ताई, अपघाताची तारीख सांगा. दोन वर्षांच्या आत दावा लावायचा असतो. अंगठ्याचं शेवटचं पेर पूर्ण गेलं असेल तर 20 टक्के. ठेकेदार हात वर करत असेल तर काम ज्या कंपनीचं तिच्यावरही दावा लागतो. डिस्चार्ज कार्ड आणि त्या सहीच्या कागदाचा फोटो आजच काढून ठेवा, मूळ कागद कोणाच्या हातात देऊ नका.