पीमेल-१ पेशी डिशमध्ये मारतात, उंदरात बी१६ची गाठ वाढतेच

प्लीहा४०
पीमेल-१ उंदराच्या (याच्या मारक टी पेशी मेलेनोमातलं जीपी१०० प्रथिन ओळखतात) प्लीहेतल्या पेशी एचजीपी१०० पेप्टाइड (त्या प्रथिनाच्या मानवी रूपाचा तुकडा, १ मायक्रोमोलर) आणि आयएल-२ (टी पेशी वाढवणारं संदेशक प्रथिन) घालून १२ दिवस वाढवल्या. सी५७बीएल/६ जातीच्या उंदरांत बी१६ची (उंदराचा मेलेनोमा, त्वचेचा कॅन्सर) गाठ १० दिवसांची झाल्यावर ५० लाख पेशी शेपटीच्या शिरेतून दिल्या, बाकी काही नाही. डिशमध्ये पेप्टाइड लावलेली टार्गेट्स साफ होतात, उंदरात गाठ कंट्रोलइतकीच वाढते. शिवाय दोन उंदीर टोचल्याटोचल्या मेले. पेशी दुप्पट कराव्यात का?

मारकपेशी
नको. आधी जागा करा: संपूर्ण शरीराला ५ ग्रे रेडिएशन आणि त्याच किंवा दुसऱ्या दिवशी पेशी. त्यानं नियामक टी पेशी (प्रतिकार दाबणाऱ्या) घटतातच, शिवाय आयएल-७ आणि आयएल-१५ (टी पेशींना जगवणारी संदेशक प्रथिनं) ओढून घेणाऱ्या उंदराच्या स्वतःच्या पेशीही जातात. मग एचजीपी१०० लस, आणि आयएल-२ पोटात, दिवसातून दोनदा, ३ दिवस. इर्रेडिएटर नसेल तर सायक्लोफॉस्फामाइड, म्हणजे लिम्फोसाइट्स घटवणारं केमोचं औषध. १९८६मध्ये रोझेनबर्ग यांच्या गटानं उंदरांतल्या एमसी-३८ या आतड्याच्या कॅन्सरच्या यकृतातल्या गाठी बऱ्या केल्या, त्याही गाठीतल्या लिम्फोसाइट्ससोबत हे औषध आणि आयएल-२ देऊनच.

आयएईसीच्या (संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीच्या) मंजुरीत रेडिएशन नसेल तर आधी दुरुस्ती घ्या.

सीडी६२एल
१२ दिवस फार झाले. याच मॉडेलमध्ये गॅटिनोनी आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये दाखवलं की कल्चरमध्ये जास्त पिकलेली पेशी डिशमध्ये जहाल आणि उंदरात दुबळी ठरते. सीडी६२एल (टी पेशीला लिम्फ नोडमध्ये शिरू देणारं पृष्ठभागावरचं प्रथिन) गेला की ती लिम्फ नोडमध्ये शिरत नाही, पुढे फारशी वाढतही नाही. ५-६ दिवसांवर थांबा, फ्लो सायटोमीटरवर सीडी६२एल बघा. माध्यमात ५० मायक्रोमोलर बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल आहे ना? उंदराच्या लिम्फोसाइट्सना ते लागतंच.

तुमची चाचणीही फसवी आहे. पेप्टाइड चोपडलं की जुळणारा एमएचसी-१ (टी पेशीला पेप्टाइड दाखवणारं प्रथिन) असलेली कुठलीही पेशी मरेल. बी१६वर एमएचसी-१ मुळातच कमी. साधी बी१६ आणि २४ तास इंटरफेरॉन-गॅमा (एमएचसी-१ वाढवतो) दिलेली बी१६, दोन्ही शेजारीशेजारी लावा.

गाळणी
मेलेले उंदीर: गुठळ्या फुप्फुसात अडकल्या असणार. मेलेल्या पेशींतून डीएनए सुटतो, बाकीच्या त्याला चिकटतात. डीएनेझ (डीएनए तोडणारं एन्झाइम), दोनदा पीबीएसनं (खारं बफर) धुणं, टोचायच्या अगदी आधी ४० मायक्रॉनची जाळी, आणि मोजणी गाळल्यावरच. आधी मोजलेला आकडा खोटा असतो. २०० मायक्रोलिटर, सावकाश.

पुढच्या वेळी फक्त रेडिएशन दिलेला गट ठेवाच. त्या एकट्यानंही बी१६ थोडी मागे पडते आणि श्रेय पेशींना जातं.